लिस्बनला मी रांगेत उभी राहिले

लिस्बनच्या वर्ल्ड यूथ डेवरून, म्हणजे जगभरच्या कॅथलिक तरुणांच्या मेळाव्यावरून, आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, पोप फ्रान्सिसना जवळून बघितलं का? बघितलं, त्यांची गाडी आमच्या कठड्यापासून अगदी थोड्या अंतरावरून गेली, फोन काढायचंही सुचलं नाही, नुसती ओरडत होते. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे आणि त्यासाठी आधीचं थोडं सांगावं लागेल, जे मी इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

मी चार वर्षं कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, गेले नव्हते. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, एकही चुकवली नाही, वाचन करायचे, क्वायरमध्ये गायचे, यूथ ग्रुपच्या प्रत्येक कामात पुढे. पण सतरा वर्षांची असताना एकदा पापनिवेदन करताना आतून मला मोठ्या आवाजात ओरडा बसला, इतक्या मोठ्या की बाहेर रांगेतल्यांनी ऐकलं असणार असं मला वाटलं, आणि बाहेर आल्यावर कुणाच्या डोळ्यांकडे बघायची हिंमत झाली नाही. त्या फादरांवर आता राग नाही, त्यांचाही तो दिवस वाईट गेला असेल. पण त्यानंतर माझं असं व्हायला लागलं की रांगेत उभी राहायचे, नंबर जवळ आला की मागच्या बाईंना म्हणायचे तुम्ही जा ना आधी, मग त्यांच्या मागच्यांना, आणि मग हळूच दाराबाहेर. घरच्यांना वाटायचं मी जाऊन आले. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत देतात ती पवित्र भाकर, तशीच कन्फेशन न करता घ्यायला पुढे जायचे तेव्हा दर रविवारी पोटात गोळा यायचा. चार वर्षं हे असं चाललं होतं.

आणि असं असताना मी लिस्बनच्या ग्रुपमध्ये नाव दिलं. खरं कारण सांगते, मैत्रिणी जात होत्या म्हणून. हा वर्ल्ड यूथ डे खरं तर २०२२ मध्ये व्हायचा होता, कोरोनामुळे तो एक वर्ष पुढे गेला आणि १ ते ६ ऑगस्ट २०२३ ठरला, म्हणून आम्हाला तयारीला भरपूर वेळ मिळाला. महिन्यातून दोनदा मीटिंग, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालायची प्रॅक्टिस, आणि त्या वेळचं जे वचन होतं त्यावर मनन, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं, ‘मरीया उठून घाईने गेली’. व्हिसाचं सगळ्यात टेन्शन होतं, पासपोर्टपासून बँकेच्या कागदांपर्यंत सगळं द्यायचं आणि वाट बघत बसायचं. आमच्यातल्या दोघांचे व्हिसा आलेच नाहीत. वर्षभर आमच्याबरोबर तयारी केलेली ती दोघं, एअरपोर्टवर आम्हाला सोडायला आली आणि त्यांनी त्यांच्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या घडी घालून आमच्या हातात दिल्या, पोर्तुगालमधल्या फातिमा या मरीयामातेच्या तीर्थस्थानी ठेवा म्हणाले. त्यातली एक चिठ्ठी माझ्याकडे होती. तेव्हाच मला वाटलं की ज्याला खरंच जायचं होतं तो मागे राहिला आणि मी चाललेय.

लिस्बनच्या आधीचा आठवडा पोर्तुगालच्या वेगवेगळ्या धर्मप्रांतांत राहायचं असतं, आमच्या वाट्याला कुइंब्रा आलं. मला आणि एका मैत्रिणीला ज्या घरात ठेवलं तिथे एक आजी एकट्याच राहायच्या. त्यांना इंग्लिशचा एक शब्द येत नव्हता, आम्हाला पोर्तुगीजचा. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला ‘अव्हॉ’ म्हणायला शिकवलं, म्हणजे आजी, आणि मग एकेक वस्तू हातात घेऊन नाव सांगायला लागल्या. घराची किल्ली हातात ठेवली आणि म्हणाल्या शाव्ह, लिहून दाखवलं तर ते चावीच होतं. बादली दाखवली तर ‘बाल्द’. साबणाला ‘साबांव’, ब्रेड पुढे केला तर ‘पांव’, बटाटा तर चक्क बटाटाच. आम्ही दोघी प्रत्येक शब्दाला किंचाळत होतो आणि त्यांना वाटत होतं आम्ही किती पटकन शिकतोय. मग मैत्रिणीने मिस्सा म्हटलं, नाताळ म्हटलं, आणि त्या एकदम गप्प झाल्या, डोळे पुसले. म्हणजे आपण रोज जे बोलतो त्यातले किती शब्द या बाईच्या स्वयंपाकघरातून आलेत, आणि ते आम्ही त्यांना परत म्हणून दाखवत होतो. बाकी सगळं फोनवर ट्रान्सलेट करून, पण खरं सांगू का, फोन फार लागला नाही.

कुइंब्रा मला लिस्बनपेक्षा जास्त आवडलं. टेकडीवर जुनं विद्यापीठ, १२९० सालापासूनचं, खाली मोंदेगु नदी. सांता क्रूझ नावाचा जो मठ आहे तिथे संत अंतोन राहिला होता, तेव्हा तो फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातला, नव्हताच, ऑगस्टिनियन संघातला होता आणि नाव फर्नांदो. मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन बांधवांचे अवशेष १२२० मध्ये कुइंब्राला आणले, ते बघून याने सगळं सोडलं आणि त्यांच्यात गेला, अंतोन हे नाव तेव्हा घेतलं. मी लहानपणापासून काही हरवलं की संत अंतोनकडे मागणारी, मला वाटायचं तो इटलीचाच, पादुआचा. तो जन्मला लिस्बनला आणि त्याचं आयुष्य बदललं ते इथे. फातिमाला मरीयामातेचं दर्शन झालेल्या तीन मुलांपैकी सिस्टर लुसियाही १९४८ पासून २००५ मध्ये वारल्या तोपर्यंत इथल्याच कार्मेल मठात होत्या. हे सगळं गाईडने भराभर सांगितलं आणि पुढे गेला, मी मात्र सांता क्रूझमध्ये बराच वेळ बसून राहिले. काही मागितलं नाही. हरवलेलं काय ते मला माहीत होतं, मागायची हिंमत नव्हती एवढंच.

३१ तारखेला निघालो. आमची बस चार तास उशिरा आली, उन्हात रस्त्यावर बॅगांवर बसून राहिलो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. अव्हॉ तेवढा वेळ आमच्याबरोबर उभ्या होत्या, परत जा म्हटलं तरी गेल्या नाहीत.

वाटेत फातिमा. १९१७ मध्ये मे ते ऑक्टोबर त्या मुलांना मरीयामातेचं दर्शन झालं ती जागा, तिथे छोटंसं चॅपल आहे आणि त्याच्याकडे जाणारी एक गुळगुळीत पट्टी आहे, लोक त्यावरून गुडघ्यांवर चालत जातात. माझ्यापुढे एक माणूस दोन-तीन वर्षांच्या बाळाला छातीशी धरून गुडघ्यांवर चालला होता, बायको बाजूने पाण्याची बाटली घेऊन. कोणी फोटो काढत नव्हतं. मी चिठ्ठी ठेवली, माझी स्वतःची चिठ्ठी लिहिली होती तीही ठेवणार होते पण ती खिशातच राहिली.

लिस्बनमध्ये मुक्काम एका शाळेत, वर्गातली बाकं बाहेर काढलेली, जमिनीवर स्लीपिंग बॅग, आंघोळीला गार पाणी आणि मोठी रांग. जेवायला रांग, मेट्रोला रांग, टॉयलेटला तर विचारू नका. सकाळी ‘राइज अप’ नावाची सत्रं असायची, बिशप यायचे आणि आम्ही गटात बसून बोलायचो, ती मला वाटलं त्याहून खूप चांगली होती कारण नुसतं भाषण नव्हतं, आम्हालाच बोलायला लावायचे. १ तारखेची सुरुवातीची मिस्सा एडवर्ड सातवा पार्कमध्ये झाली, उतारावरची मोठी बाग आहे ती, खाली शहर आणि लांबवर नदी. झेंड्यांमुळे अल्तार, म्हणजे वेदी, दिसतच नव्हता, पण ‘प्रभू दया कर’ सुरू झालं आणि इतक्या देशांचे लोक एकाच जागी थांबतात, एकाच जागी उत्तर देतात, तेव्हा अंगावर काटा आला.

३ तारखेला तिथेच पोपचं स्वागत. पोप स्पॅनिशमध्ये बोलत होते, आम्ही कानात रेडिओ लावून इंग्लिश ऐकत होतो, मध्येच खरखर यायची. ते म्हणाले चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, कोणीही जास्तीचं नाही, आणि मग ‘तोदोस, तोदोस, तोदोस’, सगळे सगळे सगळे. एवढं सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलं असेल. पण त्यापुढे त्यांनी सांगितलं की आता प्रत्येकाने आपापल्या भाषेत म्हणा. आणि तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही, कारण त्यात शब्द कुठलाच कळत नव्हता. आम्ही वीस-पंचवीस जण, सगळ्यांनी जीव खाऊन ‘सगळे! सगळे! सगळे!’ बाजूला कोरियन मुलं त्यांच्या भाषेत, मागे पोलिश, पुढे कुठले तरी फ्रेंच बोलणारे आफ्रिकन. पोप म्हणाले ऐकू आलं नाही, परत. आम्ही परत. दुसऱ्या वेळेस माझा आवाजच फुटेना. ‘सगळे’ म्हणताना मला एकदम वाटलं की यात मी येते का? मी हे ओरडतेय ते दुसऱ्यांसाठी ओरडतेय का? मैत्रिणीने विचारलं रडतेस का, मी म्हटलं धूळ गेली.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारपर्यंत ग्रुपला मोकळा वेळ होता, सगळे शहर बघायला निघाले. मी आमच्याबरोबरच्या सिस्टरना म्हटलं मला बेलेमला जायचंय. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, म्हणाल्या चल, मीही येते.

बेलेम म्हणजे नदीकाठचा भाग, जेरोनिमुस मठ आहे तिथे, इथूनच जुन्या काळी जहाजं सुटायची, संत फ्रान्सिस झेवियरही १५४१ मध्ये लिस्बनहूनच गोव्याला निघाले. तिथे वास्को द गामा नावाच्या बागेत कन्फेशनसाठी जागा केली होती, दीडशे कन्फेशनल्स, म्हणजे पापनिवेदनाला बसायच्या जागा, उघड्यावर, झाडांखाली. त्याच सकाळी पोपनी स्वतः तिथे बसून तीन तरुणांचं पापनिवेदन ऐकलं होतं. रांगेतल्या व्हॉलंटियरने सांगितलं की ही सगळी कन्फेशनल्स तुरुंगातल्या कैद्यांनी बनवलीत, पोर्तु, पासुस द फेरेरा आणि कुइंब्राच्या तुरुंगातल्या. कुइंब्राच्या. मी चार दिवसांपूर्वी तिथेच होते, त्या माणसांपासून किती जवळ असेन कुणास ठाऊक. ज्यांनी चूक केली म्हणून आत गेलेत त्यांनी आमच्यासाठी ही जागा बनवली आणि त्यांना स्वतःला ती बघायला मिळाली असेल का, हे डोक्यातून जाईना.

भाषेप्रमाणे पाट्या होत्या, मी इंग्लिशच्या रांगेत. पुढे सहा जण, मग चार, मग दोन, आणि माझे पाय नेहमीसारखे मागे जायला लागले. मी वळले आणि मागच्या मुलीला म्हटलं, यू गो फर्स्ट. माझ्याच वयाची असेल, पोलंडचा स्कार्फ गळ्यात. तिने मान हलवली, म्हणाली, नो, आय ॲम अफ्रेड ऑल्सो. यू गो, आय प्रे फॉर यू. आणि तिथेच उभ्या उभ्या बोटावर रोझरी सुरू केली, डोळे मिटून. आता तिला सोडून कुठे जाणार मी?

फादर म्हातारे होते, उंच, पायात सँडल आणि पायांवर आमच्यासारखीच धूळ. कुठल्या देशाचे ते मी विचारलंच नाही. क्रुसाची खूण केली आणि म्हटलं, फादर, चार वर्षं झाली. मला वाटलं आता भुवया वर जातील. ते म्हणाले, वेलकम. आणि थांबले, काही घाई नाही असे.

मी बोलायला लागले. इंग्लिशमध्ये घोकून ठेवलं होतं यादीसारखं, बरंच बोलून झालं, पण एक गोष्ट होती जी इंग्लिशमध्ये येईना. तिसऱ्यांदा अडखळले तेव्हा फादर म्हणाले, तुझ्या भाषेत बोल, देवाला येते ती. मी म्हटलं तुम्हाला कळणार नाही. ते हसले, मान पुढे केली, कान माझ्याकडे केला आणि डोळे मिटले.

मग मी मराठीत सांगितलं. सगळं. जे सतरा वर्षांची असताना अर्धंच सांगून झालं होतं ते, आणि त्यानंतरची चार वर्षं, रांगेतून पळून जाणं, घरी खोटं बोलणं, सगळं. किती वेळ बोलले माहीत नाही. त्यांना एक शब्द कळला नसणार, पण ते मध्ये मध्ये मान हलवत होते, जिथे माझा आवाज जड व्हायचा तिथे. शेवटी मी गप्प झाले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि प्रायश्चित्त म्हणून एकच ‘नमो मरिया’ सांगितली, ती पण सावकाश म्हण आणि तुझ्याच भाषेत. मग डोक्यावर हात धरून क्षमेची प्रार्थना त्यांनी त्यांच्या भाषेत म्हटली. पोर्तुगीज होती, ‘पाय’ म्हणजे पिता, ‘फिल्यू’ म्हणजे पुत्र, एवढं अव्हॉच्या घरी जेवणाआधी ऐकून ऐकून कळायला लागलं होतं. मी आमेन म्हटलं.

बाहेर येताना पोलंडची मुलगी आत जात होती. तिचं नावही मला माहीत नाही. मी तिच्यासाठी थांबले, नदीकडे तोंड करून, आणि ती नमो मरिया दोघींसाठी म्हटली. सिस्टर लांब बाकावर बसल्या होत्या, मला बघून नुसत्या सरकल्या आणि जागा केली.

त्या संध्याकाळची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासावरची प्रार्थना, आणि दुसऱ्या दिवशीचा परत पॅक करून चालायचा गोंधळ पटकन सांगते. शनिवारी सगळ्यांनी पार्क तेजूला चालत जायचं, रात्रभर तिथेच राहायचं आणि रविवारी शेवटची मिस्सा. ऊन मरणाचं, पाठीवर बॅग, हातात खाण्याची पिशवी, आमच्या एका मुलीच्या टाचेला इतके फोड आले की बूट घालता येईना, मग तिची बॅग दोघांत वाटून घेतली आणि तिच्या चालीने चालत गेलो, म्हणजे जवळजवळ सगळ्यांत शेवटी पोचलो. रस्त्यातल्या बिल्डिंगांच्या बाल्कनीतून लोक पाइपने आमच्यावर पाणी उडवत होते, म्हातारी माणसं टाळ्या वाजवत होती.

तिथे पंधरा लाख लोक होते. हा आकडा वाचून काही कळत नाही, तिथे उभं राहूनही कळत नाही, कारण आपल्याला आपल्या सेक्टरपुरतंच दिसतं. पोप त्या रात्री मरीयेच्या उठण्यावर बोलले, पडणं चुकत नाही पण पडून राहू नका म्हणाले, आणि एखाद्याकडे वरून खाली बघायची परवानगी एकाच वेळी आहे, त्याला हात देऊन उठवताना. हे ऐकल्यावर आम्ही सगळ्यांनी त्या फोड आलेल्या मुलीकडे बघितलं आणि ती पण हसली.

मग आराधना. पवित्र साक्रामेंत, म्हणजे जिच्यात ख्रिस्त आहे असं आम्ही मानतो ती भाकर, स्टेजवर आणला आणि सगळे गुडघ्यांवर बसले, आणि शांत झाले. मी काय ऐकलं ते सांगते, झेंड्यांची कापडं वाऱ्यावर फडफडत होती, कुठेतरी एक बाळ खोकलं, आणि लांब जनरेटरचा आवाज. बस्स. दिवसभर जे ड्रम वाजवत होते, नाचत होते, तीच मुलं. माझ्या पुढचा एक इटालियन मुलगा, ज्याने दुपारपासून आम्हाला भोंग्याने वैताग आणला होता, तो कपाळ जमिनीला टेकवून होता. मला काही मागायचं नव्हतं, काही लपवायचंही नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा मी साक्रामेंताकडे सरळ बघितलं.

रात्री नदीवरून गार वारा सुटला, सगळे एकमेकांना चिकटून झोपलो. उशिरा चंद्र वर आला, वास्को द गामा पुलाचे दिवे पाण्यात लांबच लांब. सकाळी एक पोर्तुगीज फादर डीजे आहेत त्यांनी म्युझिक लावून सगळ्यांना उठवलं, काही मोठ्यांना ते आवडलं नाही असं नंतर कळलं, मला आवडलं. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेतला. पोटात गोळा नव्हता. शेवटी पोपनी पुढचा वर्ल्ड यूथ डे २०२७ मध्ये सेऊलला जाहीर केला तेव्हा बाजूची कोरियन मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती आणि आम्ही त्यांच्याभोवती गोल करून नाचलो.

निघताना चिठ्ठी सापडली खिशात, फातिमाला न ठेवलेली. घामाने शाई पसरली होती, वाचता येत नव्हतं. ती मी तशीच बॅगेत ठेवली.

घरी आल्यावर दोन आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी, मी आमच्या चर्चमध्ये कन्फेशनच्या रांगेत होते. तेच कन्फेशनल. मनात धडधड होतीच, ती लगेच जात नाही. पुढे एकच जण होतं तेव्हा मागच्या काकूंनी खांद्याला हात लावला, म्हणाल्या, बाळा, मला जरा घाई आहे गं, मी जाऊ का आधी?

म्हटलं, जा ना काकू. मी आहे इथेच.

त्या आत गेल्या, बाहेर आल्या, मग मी गेले.